ताण, अमिग्डाला आणि उशिराने येणारी भीती

मृदगंधा
९ जुलै, रात्री ९:१०

दर पुरानंतर, दर दरडीनंतर एक वाक्य ऐकू येतं: पाणी ओसरलं, घरं धुऊन झाली, माणसं सावरली. मदतीच्या गाड्याही साधारण त्याच सुमारास परततात. माणसं सावरली हे आपण फार लवकर ठरवून टाकतो, असं माझं मत आहे. ताणामुळे भीतीची आठवण मेंदूत कशी रुजते यावर आपल्याच देशात, बंगळुरूत, अनेक वर्षं काम झालं आहे. त्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

आधी मेंदूतल्या तीन जागांची ओळख. कानशिलाच्या आत दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचा एकेक पुंजका असतो, अमिग्डाला. एखादा आवाज, वास किंवा दृश्य आणि त्यानंतर झालेली इजा यांची गाठ तिथे बसते. त्याला लागूनच हिप्पोकॅम्पस. प्रसंग कुठे घडला, केव्हा घडला, कशानंतर काय झालं, ही नोंद त्याच्याकडे. आणि कपाळामागे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, जो धोका टळल्यावर अमिग्डालाला आवरतो. तिघांचं काम नीट चाललं तर भीतीची आठवण राहते, पण तिला जागा आणि वेळ यांची चौकट असते. "त्या दिवशी, त्या पुलावर" घाबरलो, सगळ्या पुलांवर नाही.

आता बंगळुरू. नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस या संस्थेत सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी, निम्हान्स या तिथल्याच मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञान संस्थेतल्या सहकाऱ्यांसह, २००२ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. उंदरांना रोज दोन तास, सलग दहा दिवस, हलता येणार नाही असं जखडून ठेवलं. मग मेंदूच्या पेशी गोल्जी पद्धतीने रंगवून त्यांच्या फांद्या, म्हणजे डेंड्राइट, मोजल्या. हिप्पोकॅम्पसमधल्या फांद्या आखडल्या होत्या. हे अपेक्षित होतं, कारण न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकएवन यांच्या गटाने ते आधीच दाखवलं होतं. धक्का बसला तो अमिग्डालात. तिथल्या फांद्या वाढल्या होत्या. तोच उंदीर, तोच ताण, आणि मेंदूच्या दोन शेजारी भागांत अगदी उलटे परिणाम.

२००४ मध्ये त्याच गटाने ताण थांबवून उंदरांना एकवीस दिवस शांत राहू दिलं. हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला. अमिग्डालातली वाढ तशीच राहिली.

आणि २००५ चा निबंध, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. या वेळी उंदरांना एकदाच, फक्त दोन तास जखडलं. दुसऱ्या दिवशी तपासलं तर अमिग्डालात काही फरक नाही, वागण्यातही नाही. दहा दिवसांनी तपासलं तेव्हा पेशींच्या फांद्यांवरचे बारीक काटे, ज्यांना स्पाइन म्हणतात आणि ज्यांच्यावर दुसऱ्या पेशींचे जोड बसतात, ते वाढलेले होते. उंदीरही जास्त घाबरट झाले होते. मधल्या काळात त्यांना दुसरा कोणताही त्रास दिलेला नव्हता.

म्हणजे धक्क्यानंतर लगेच शांत दिसणं हा काही सुटल्याचा पुरावा नाही. हे एवढंच मला पोहोचवायचं आहे. बाकी तपशिलावर चर्चा होऊ दे, इथे वैद्यकीय क्षेत्रातले लोक आहेत हे माहीत आहे.

---

प्रश्नचिन्ह
९ जुलै, रात्री १०:०२

चांगला विषय. एक शंका. उंदराला जखडणं आणि माणसाने घर वाहून जाताना बघणं यात फार अंतर आहे. माणसाला भाषा आहे, नातेवाईक आहेत, श्रद्धा आहे. उंदरावरून थेट माणसावर उडी मारणं कितपत योग्य? शिवाय "ताण" हा शब्द ऑफिसच्या कामापासून भूकंपापर्यंत सगळ्याला वापरला जातो.

---

मृदगंधा
९ जुलै, रात्री १०:४०

शंका रास्त आहे. थेट उडी मारू नयेच. पण अमिग्डाला हा उत्क्रांतीत जुना भाग आहे आणि त्याची भीतीतली भूमिका उंदरात आणि माणसात बरीच सारखी आढळते. माणसात हे पेशीपर्यंत जाऊन मोजता येत नाही, म्हणून उंदराकडे जावं लागतं.

"ताण" या शब्दाबद्दल तुमचं म्हणणं तर प्रयोगातूनच खरं ठरतं. २००२ च्याच अभ्यासात दुसऱ्या एका गटाला रोज वेगवेगळा, अंदाज न येणारा ताण दिला होता. त्या उंदरांत अमिग्डालाच्या मुख्य पेशींची तशी वाढ झाली नाही. म्हणजे कुठल्याही ताणाने हे होतं असं नाही. निसटायला वाव नसणं, हलताच न येणं, ही परिस्थिती वेगळी ठरली.

---

वाशिष्ठी
९ जुलै, रात्री ११:२५

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ चा पूर आमच्या घराने पाहिला. तळमजला पूर्ण पाण्यात. आम्ही सगळे वर, आणि जाऊबाई खालच्या जिन्यात अडकल्या होत्या, बऱ्याच वेळाने वर घेता आलं.

नंतर चिखल उपसण्यात सगळ्यात पुढे त्याच होत्या. गाळ, भिजलेल्या गाद्या, कपाटं, सगळं त्यांनी बाहेर काढलं. आम्ही म्हणायचो, वहिनींची हिंमत मोठी. गणपतीच्या आसपास त्यांचं सुरू झालं. गच्चीवरची टाकी भरायला लागली की पाइपातून जो आवाज येतो ना, तो ऐकला की त्या स्वयंपाकघर सोडून वरच्या खोलीत जाऊन बसायच्या. पाऊस नसताना. कडक ऊन पडलेलं असताना. घरात काहींना वाटलं की आता सगळं निस्तरल्यावर हे काय नवीन. मलाही कळत नव्हतं की तेव्हा नाही आणि आता का.

मृदगंधाताई, तुमचं २००५ चं वाचून मी हे जाऊबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी परत एकदा वाचायला सांगितलं.

---

रेवा
१० जुलै, सकाळी ७:१५

मी मानसोपचार करते. वाशिष्ठी, तुमच्या जाऊबाईंचं वर्णन आम्ही दवाखान्यात ऐकतो त्याच्याशी तंतोतंत जुळतं. इथे निदान करणार नाही, पण तो टाकीचा आवाज का, यावर लिहिते.

भीतीच्या क्षणी शरीरात दोन लाटा येतात. पहिली काही सेकंदांत: ॲड्रेनलिन. ते रक्तातून मेंदूत फारसं शिरत नाही. ते व्हेगस नावाच्या नसेमार्फत मेंदूच्या बुंध्याला जागं करतं, आणि तिथून अमिग्डालात नॉरॲड्रेनलिन सुटतं. दुसरी लाट हळू: कॉर्टिसोल. ते वीस ते तीस मिनिटांत शिगेला पोहोचतं आणि सहज मेंदूत जातं. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथे जेम्स मॅकगॉ यांनी आयुष्यभर हे दाखवलं की आठवण घडताक्षणी पक्की होत नाही. त्यानंतरच्या काही तासांत ती मुरते, आणि ही दोन्ही रसायनं अमिग्डालाच्या वाटेने त्या मुरण्याला जोर देतात.

माणसांवरचा एक साधा प्रयोग सांगते, १९९४ चा, लॅरी काहिल आणि मॅकगॉ यांचा. लोकांना चित्रांसह एक गोष्ट दाखवली. मुलगा आईबरोबर जातो, वाटेत त्याला मोटारीची धडक बसते, त्याला रुग्णालयात नेतात. आठवड्याने विचारलं तर अपघाताचा भाग लोकांना जास्त ठसठशीत आठवत होता. पण ज्यांना आधी प्रोप्रानोलॉल दिलं होतं, म्हणजे रक्तदाबासाठी वापरतात ते, ॲड्रेनलिनच्या खुणेला अडवणारं औषध, त्यांना तो भाग जास्त आठवत नव्हता. गोष्टीचा साधा भाग दोघांनाही सारखाच आठवत होता.

आता जोर मिळतो तो मधल्या गाभ्याला, कडांना नाही. ताण फार झाला की हिप्पोकॅम्पसची नोंद कच्ची राहते. आवाज पक्का बसतो, पण तो आवाज कोणत्या दिवशी, कोणत्या जिन्यात, हे सैल होतं. मग तोच आवाज वेगळ्या दिवशी, वेगळ्या कारणाने आला तरी शरीर जिन्यातच असतं. फ्रान्समध्ये बोर्दो इथे २०१२ मध्ये उंदरांवर हेच दाखवलं गेलं. तीव्र धक्क्यानंतर हिप्पोकॅम्पसमध्ये थेट ताणाचं संप्रेरक सोडलं, तर ते उंदीर खऱ्या धोक्याच्या जागेला घाबरेनासे झाले आणि धोक्याशी संबंध नसलेल्या आवाजाला घाबरू लागले.

जाऊबाईंना जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जरूर न्या. याच्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

---

बापूराव_साताराकर
१० जुलै, सकाळी ९:३०

सर्वांचा आदर ठेवून लिहितो. माझं वय सत्तरच्या पुढे. १९६७ चा कोयनेचा भूकंप आम्ही लहानपणी अनुभवला. त्या काळी कोणी मानसोपचाराकडे गेलं नाही. लोक दुसऱ्या दिवशी शेतावर होते. आता प्रत्येक गोष्टीला नाव आणि औषध देण्याने माणसं जास्त कच्ची होत आहेत असं मला मनापासून वाटतं.

---

तेरणाकाठ
१० जुलै, दुपारी १:१८

बापूराव, नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातला, किल्लारीच्या पट्ट्यातला. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून गाव उशिरा झोपलं होतं आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं होती, ती झोपलेल्यांच्या अंगावर आली. सुमारे दहा हजार माणसं गेली.

आमचेही लोक शेतावर गेले. रब्बीची पेरणी तोंडावर होती, जाणं भागच होतं. पण जे झोपायचं होतं ते कुठे? पुढे कितीतरी काळ माझे चुलते छताखाली झोपले नाहीत. पत्र्याच्या शेडमध्ये सामान आणि माणूस अंगणात, थंडीतसुद्धा. नवीन गावठाणात सिमेंटचं घर मिळालं, तरी खाट दाराच्या तोंडाशी. ट्रक गेला आणि पत्रा थरथरला की आजीच्या हातातलं भांडं खाली. कोणी याला आजार म्हटलं नाही, कोणी औषध दिलं नाही, आणि ते कमीही झालं नाही. चुलते वारले तोपर्यंत खाट तिथेच होती.

माणसं कच्ची होती म्हणून हे झालं नाही. ज्यांनी ढिगाऱ्यातून स्वतःच्या हाताने लेकरं काढली त्यांना कच्चं कसं म्हणू? तुमच्या गावातही अशा खाटा असतील. तेव्हा त्यांच्याकडे कोणी या नजरेने पाहिलं नाही, एवढंच.

---

बापूराव_साताराकर
१० जुलै, दुपारी ३:०५

तेरणाकाठ, वाचलं. आमच्याकडे एक शेजारी होते, कधी देवळाच्या सभामंडपात आत येत नसत, पायरीवरून दर्शन घेत. आम्ही ते त्यांचं व्रत समजत होतो. विचारायला आता ते नाहीत. पुढची चर्चा वाचतो आहे.

---

अनुप_जे
१० जुलै, सायंकाळी ६:४४

कॉर्टिसोलमुळे भीतीची आठवण पक्की होते, तर मग कॉर्टिसोल कमी करणारं काही घेतलं की काम झालं असा अर्थ होतो का? बाजारात "कॉर्टिसोल उतरवा" म्हणून पावडरी आणि गोळ्या विकत आहेत. माझे मित्र घेतात.

---

मृदगंधा
१० जुलै, रात्री ८:२०

नाही, आणि इथेच हा विषय सगळ्यात विलक्षण आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बंगळुरूच्या त्याच गटाने, ब्रूस मॅकएवन यांच्याबरोबर, २०१२ मध्ये एक वेगळा प्रश्न विचारला. जखडण्याच्या आधी उंदरांच्या पिण्याच्या पाण्यातच ताणाचं संप्रेरक मिसळलं तर? उंदरांत त्याला कॉर्टिकोस्टेरॉन म्हणतात, आपल्या कॉर्टिसोलचा जोडीदार. साधा तर्क सांगतो की दहा दिवसांनी भीती आणखी वाढेल. झालं उलट. त्या उंदरांत दहा दिवसांनी होणारी काट्यांची वाढही झाली नाही आणि घाबरटपणाही आला नाही. त्या वेळी असलेल्या संप्रेरकाने त्यांना वाचवलं होतं.

माणसांत याला जुळणारी निरीक्षणं आहेत. म्युनिकमध्ये गुस्ताव शेलिंग यांनी अतिदक्षता विभागातल्या जंतुसंसर्गाने अत्यवस्थ रुग्णांचा अभ्यास केला. ज्यांना उपचारात हायड्रोकॉर्टिसोन मिळालं होतं, त्यांच्यात पुढे पीटीएसडीची, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक आजाराची, लक्षणं कमी दिसली. आणि रेचल येहुदा यांच्यासारख्या संशोधकांना काही अभ्यासांत, पीटीएसडी असलेल्या लोकांत, नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांमध्येसुद्धा, कॉर्टिसोल सरासरीपेक्षा कमी आढळलं. सगळ्याच अभ्यासांत नाही, पण "ताण म्हणजे जास्त कॉर्टिसोल" हे सोपं समीकरण मोडायला तेवढं पुरे आहे.

स्वित्झर्लंडमध्ये डॉमिनिक द केर्व्हें यांचं काम त्याच दिशेने जातं. कॉर्टिसोल आठवण मुरायला मदत करतं, पण मुरलेली आठवण बाहेर काढताना मात्र अडथळा आणतं. त्यामुळे २०११ मध्ये त्यांनी उंचीची भीती असलेल्या लोकांना, भीतीला सामोरं जाण्याच्या उपचाराआधी कॉर्टिसोलची गोळी देऊन पाहिली. जुनी भीती त्या वेळी कमी वर आली आणि "उंचीवर उभं राहिलो, काही झालं नाही" ही नवी आठवण पक्की बसली. गोळी घेतलेल्या गटाला उपचाराचा फायदा जास्त झाला.

तेव्हा कधी, किती, मेंदूच्या कोणत्या भागात आणि आठवणीच्या कोणत्या टप्प्यावर, यावर सगळं अवलंबून आहे. मित्रांना सांगा, पावडरीवर खर्च करू नका.

---

शिक्षिका_नाशिक
१० जुलै, रात्री ९:०१

"मुरलेली आठवण बाहेर काढताना अडथळा" म्हणजे परीक्षेत पेपर हातात आल्यावर येणारं उत्तर न सुचणं तेच का?

---

रेवा
१० जुलै, रात्री ९:१०

हो, बऱ्याच अंशी तेच. उत्तर पुसलं गेलेलं नसतं, वर येत नाही. म्हणून पेपर संपल्यावर आठवतं.

---

अनुप_जे
११ जुलै, सकाळी ८:३०

मृदगंधा, धन्यवाद, गैरसमज दूर झाला. अजून एक. भीतीची आठवण पुसून टाकता येईल असं एका व्हिडिओत पाहिलं. हे कितपत खरं?

---

दूरदेशी
११ जुलै, दुपारी १२:४०

मी नेदरलँड्समध्ये असतो, मेंदूविज्ञानातच काम करतो. यावर थोडं लिहू शकतो.

२००० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात करीम नादर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लडू यांनी उंदरांना जुनी भीती आठवायला लावली आणि लगेच अमिग्डालात प्रथिनं बनणं रोखणारं औषध सोडलं. दुसऱ्या दिवशी भीती जवळजवळ नव्हती. आठवण न करून देता तेच औषध दिलं तर काही होत नव्हतं. म्हणजे आठवण वर आली की ती काही तास पुन्हा कच्ची होते आणि तिला परत पक्कं व्हावं लागतं. तोवर अशी समजूत होती की एकदा पक्की झालेली आठवण पक्कीच.

ॲमस्टरडॅममध्ये मेरेल किंट यांनी २००९ मध्ये माणसांवर ते प्रोप्रानोलॉलने करून पाहिलं. कोळ्याच्या चित्राबरोबर हलका विजेचा धक्का देऊन भीती शिकवली. दुसऱ्या दिवशी औषध देऊन ती आठवण जागी केली. तिसऱ्या दिवशी दचकण्याची प्रतिक्रिया गेली होती, पण "या चित्रानंतर धक्का बसतो" हे लोकांना व्यवस्थित माहीत होतं. प्रसंग आठवत होता, अंग मात्र घाबरत नव्हतं.

हे वाचून मी स्वतः या क्षेत्रात आलो, त्यामुळे पुढचं लिहिताना थोडं वाईट वाटतं. नंतर अनेक ठिकाणी हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो प्रत्येक वेळी साधला नाही. आठवण नेमकी किती जागी करायची, किती वेळ, हे अंतर फार नाजूक आहे. प्रयोगशाळेतली एका दिवसाची भीती आणि किल्लारीच्या चुलत्यांची भीती यांत तर मोठीच दरी आहे. संशोधन चालू आहे आणि ते व्हायला हवं, पण "पुसता येते" असं आज कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. प्रोप्रानोलॉल स्वतःहून घेणं तर धोक्याचं आहे, विशेषतः दम्याच्या रुग्णांना.

---

प्रश्नचिन्ह
११ जुलै, दुपारी २:१५

मग सामोरं जाण्याच्या उपचारात नेमकं काय होतं? पुसत नसेल तर जुनी भीती तिथेच राहते?

---

रेवा
११ जुलै, रात्री ८:५०

राहते. पावलॉव्हच्या काळापासून हे माहीत आहे. घंटी वाजवत राहिलात आणि खाणं दिलं नाही तर कुत्र्याची लाळ थांबते, पण काही वेळ जाऊ दिला की पुन्हा सुटते. भीतीचंही तसंच. उपचारात आपण जुन्या आठवणीवर दुसरी आठवण बांधतो: हा आवाज आला आणि काही झालं नाही. पोर्तो रिकोमध्ये मिलाद आणि ग्रेगरी क्वर्क यांनी २००२ मध्ये दाखवलं की ही दुसरी, सुरक्षिततेची आठवण प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या एका लहान भागातल्या पेशींच्या हालचालीत दिसते.

आणि ताण इथे दुसऱ्यांदा घात करतो. न्यूयॉर्कमध्ये एलिझाबेथ फेल्प्स यांच्या गटाने २०१३ मध्ये लोकांना भीतीवर ताबा मिळवायची पद्धत शिकवली, चांगली जमली. दुसऱ्या दिवशी काहींना बर्फगार पाण्यात हात धरायला लावला आणि मग भीतीचं चित्र दाखवलं. आदल्या दिवशी शिकलेलं त्यांना वापरता येईना. कारण ते शिकलेलं ज्या प्रीफ्रंटल भागाच्या भरवशावर असतं, तो ताणात सगळ्यात आधी मंदावतो. अमिग्डाला मंदावत नाही.

म्हणून रुग्ण बरा झाला, आणि सहा महिन्यांनी घरात आजारपण किंवा कर्जाचा तगादा सुरू झाल्यावर जुनी भीती परत आली, तर तो हरला असं नाही. घरच्यांनी "एवढे पैसे घालून काही उपयोग झाला नाही" असं म्हणू नये. नवी आठवण गेलेली नसते. ती पुन्हा उभी करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हे मी वारंवार पाहते.

---

मीरा_गो
१२ जुलै, सकाळी १०:०५

सगळं वाचलं. माहितीबद्दल आभार, पण त्या उंदरांचं मला राहून राहून वाईट वाटतं. जखडणं, विजेचे धक्के. याबद्दल कोणीच काही बोललं नाही.

---

दूरदेशी
१२ जुलै, दुपारी १:३०

मीराताई, तुम्ही बोललात ते बरं केलं. प्रयोगशाळेतही हे सगळ्यांना जाणवतं. प्रत्येक प्रयोगाला नैतिक समितीची परवानगी लागते. भारतातही प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची समिती आहे. कमीत कमी प्राणी वापरायचे, पर्याय असेल तर प्राणी वापरायचेच नाहीत, हा नियम आहे. तरीही हे देणं आहेच. त्यांच्याकडून जे कळलं ते कागदावर पडून राहू नये, एवढं आपण नक्की करू शकतो.

---

दत्ता_सां
१२ जुलै, रात्री ९:४५

मी सांगलीचा. २०१९ च्या पुरापासून आमचं मंडळ मदतीला जातं. बोटी, जेवण, औषधं, सफाई हे आम्हाला जमतं. धागा वाचून वाटलं की आम्ही नेमके चुकीच्या वेळी परत येतो. आम्ही डॉक्टर नाही. आमच्यासारख्यांनी काय करावं आणि काय करू नये, हे कोणी सांगेल का? मागे एक पाहुणे आले होते, त्यांनी तिसऱ्याच दिवशी सगळ्यांना गोल बसवून काय काय घडलं ते प्रत्येकाला सांगायला लावलं. काही बायका फार रडल्या. ते बरोबर होतं का?

---

रेवा
१३ जुलै, सकाळी ७:०५

दत्ता, फार चांगलं विचारलंत.

ते गोल बसवणं टाळा. घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकाच बैठकीत तपशील सांगायला लावण्याची पद्धत पूर्वी प्रचलित होती. तिच्या चाचण्या झाल्या तेव्हा पुढचा आजार टळतो असं दिसलं नाही, उलट काहींना त्रासच झाल्याचं दिसलं. आता ती सुचवली जात नाही. ज्याला स्वतःहून बोलायचं आहे त्याचं शांतपणे ऐका. गप्प असेल त्याच्याजवळ गप्प बसा.

झोप लागत नाही म्हणून अल्प्राझोलॅम किंवा डायझेपामसारख्या गोळ्या वाटू नका. शिबिरांत हे सर्रास होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की धक्क्यानंतरच्या पहिल्या महिन्यात, तणावाच्या लक्षणांसाठी किंवा झोपेसाठी या गोळ्या देऊ नयेत.

पहिल्या दिवसांत करायचं ते तुम्ही करताच आहात. सुरक्षित जागा, कोरडे कपडे, गरम जेवण, घरातली माणसं कुठे आहेत याची खरी माहिती. आधी लिहिलं तसं, आठवण पुढचे काही तास मुरत असते. त्या तासांत माणूस एकटा, भिजलेला आणि बेपत्ता लेकराच्या काळजीत असेल, तर ताण वाढतच राहतो. शक्य तिथे लोकांना हातांना काम द्या, निर्णय त्यांना घेऊ द्या. निसटता न येण्याची जाणीव सगळ्यात जास्त घात करते.

आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात परत जा. रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल. झोप कशी आहे, कोणता आवाज किंवा जागा टाळता का, मुलं शाळेत जातात का, एवढं विचारा. महिना उलटूनही त्रास कमी होत नसेल, तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे पाठवा. भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याचे उपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने त्रासदायक आठवणीवर काम करणारी उपचारपद्धत), दोन्हींचा चांगला उपयोग होतो. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे, मोफत, मराठीत बोलता येतं.

---

वाशिष्ठी
१३ जुलै, दुपारी ४:३०

रेवाताई, जाऊबाई यायला तयार आहेत. त्यांचाच एक प्रश्न आहे. टाकीचा पाइप बदलून आवाज बंद केला तर चालेल का, की तो ऐकायलाच हवा?

---

रेवा
१३ जुलै, रात्री ९:२०

पाइप लगेच बदलू नका. आवाज कायमचा टाळला तर "आवाज आला आणि काही झालं नाही" हे शिकण्याची संधीच जाते. पण त्यांना जबरदस्तीने तिथे उभंही करू नका. कधी, किती वेळ, कोण सोबत, हे उपचार करणाऱ्याबरोबर त्या स्वतः ठरवतील. सुरुवातीला टाकी कधी भरणार ते त्यांना आधी सांगत जा. शक्य असेल तर मोटारीचं बटण त्यांच्याच हातात द्या.

---

दत्ता_सां
१३ जुलै, रात्री १०:१५

रेवाताई, मंडळाच्या बैठकीत मांडलं. यंदा तिसऱ्या आठवड्याची फेरी आधीच ठरवून ठेवतो आहोत आणि औषधांच्या पेटीतून झोपेच्या गोळ्या काढल्या. गावात वाटायला एक पानाचं सोपं पत्रक मिळालं तर बरं होईल.

---

मृदगंधा
१३ जुलै, रात्री १०:४०

दत्ता, मसुदा मी लिहिते. रेवाताईंनी तपासावा, आणि तेरणाकाठ व वाशिष्ठी यांनी तो घरातल्या मोठ्या माणसांना वाचून दाखवावा. त्यांना जे समजणार नाही ते बदलू. रविवारपर्यंत इथेच टाकते.